नदी उजव्या हाताला

देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, आली की आमच्या महाराजपुरच्या घरातून तंबूंचा वास बाहेर पडतो. पावसाळाभर मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेले तंबू आम्ही अंगणात उलगडतो, आणि त्यांच्या घड्यांतून गेल्या हिवाळ्याच्या काय काय गोष्टी खाली पडतात. कुणाचा तरी एकच मोजा, मटरचं सुरकुतलेलं साल, शाळेतल्या कुठल्याशा पोरीची केसांची पिन. सगळी कॉलनी ऊस उभे करून तुळशीच्या लग्नाच्या गडबडीत असते आणि आम्ही दोघं दोऱ्या बांधून कापडं वाळत घालत असतो. शेजारच्या दीदी गॅलरीतून विचारतात, चल दिए नदी पार? दरवर्षी त्या हेच विचारतात आणि दरवर्षी मी हो म्हणते.

पार म्हणजे नर्मदेच्या दक्षिण तीरावर. शहर उत्तरेला, ग्वारीघाट उत्तरेला, गोरखपुरचा बाजार, डॉक्टर, बँक, सगळं उत्तरेला. आमचा कॅम्प तेवढा पलीकडे, घाटापासून जरा खालच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, नावेनं गेलं तर समोरासमोर. सुधीर डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस भाजी आणेल, पेपर वाचेल, माझ्या स्वयंपाकात लुडबुड करेल. त्यानं तंबू आणले. सुधीर म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना नाव घेते आणि अरेतुरेही करते. माझं लिहिलेलं तो वाचत नाही, म्हणून चालून जातं.

आमचा मोसम ग्यारशीपासून होळीपर्यंतचा. नंतर ऊन तंबूत बसू देत नाही आणि पावसाळ्यात नदी जागा परत मागते. या चार महिन्यांत शाळांच्या सहली येतात, दोरावरून लोंबकळतात, छोट्या होड्या वल्हवतात आणि घरी जाताना चपला विसरतात. शांतता हवी म्हणून येणारी कुटुंबं असतात, ती सोबत स्पीकर आणतात. आणि सायकलवाले येतात.

मला सायकलवाले सगळ्यांत आवडतात, कारण ते जेवतात. पाहुणचार म्हणून दोन घास खाणारी माणसं वेगळी आणि दिवसभर सायकल हाणून आलेला माणूस वेगळा. शेणीच्या निखाऱ्यांवर भाजलेली गक्कड, म्हणजे कणकेचा जाड गोळा, तुपात बुडवलेली, वर वांग्याचं भरीत, हे ते जसं मन लावून खातात ते बघायला मी चुलीपाशी मुद्दाम थांबते. पुण्याचे असले तर दुसऱ्या वाढणीच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, काकू, तुमचं मराठी किती गोड आहे हो. गोड आहे म्हणजे चुकीचं आहे, हे मला कळतं. मी म्हणते, बाबांनो, चहूबाजूंनी हिंदी आणि मधोमध एक स्वयंपाकघर, एवढ्याशा जागेत टिकवलीय ही भाषा. माझी स्वतःची लेक मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते. तुम्ही आलात की माझ्या मराठीला जरा हातपाय पसरायला मिळतात.

सकाळी धुकं असं असतं की नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. पलीकडच्या घाटावरची घंटा ऐकू येते, कुठल्यातरी नावेचं वल्हं लागल्याचा आवाज येतो. नऊच्या सुमाराला धुकं पाण्यावरून उठतं आणि मग समोरचा घाट, फुलवाल्यांच्या टोपल्या, पंडितांच्या छत्र्या, एकेक करून जागेवर येतात. याच दिवसांत मटर येतो. आमच्याकडे मटर येतो म्हणजे ट्रकांनी येतो. पोह्यांत मटर, भातात मटर, भाजीत मटर, आणि गप्पा मारताना हात रिकामे राहू नयेत म्हणून सोलायलाही मटर. माझ्या आठवणीतले बरेचसे महत्त्वाचे प्रसंग शेंगा सोलता सोलता घडलेले आहेत.

सायकलवाल्यांमधले काही मात्र परकम्मेला निघालेले असतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, एका तीरानं समुद्रापर्यंत जायचं, तिथून दुसऱ्या तीरानं उगमापर्यंत, आणि मग परत निघालो त्या ठिकाणी. नियम पुष्कळ आहेत, ज्याचे त्याचे वेगळे. पण एक नियम सगळ्यांचा: मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली. हे लोक संध्याकाळी आमच्या काठावर बसून समोरच्या ग्वारीघाटाची आरती बघतात. दिवे पाण्यावरून त्यांच्या बाजूला वाहत येतात, ते मात्र तिकडे जाऊ शकत नाहीत. पूर्वी मला याचं हसू यायचं. हातभर अंतरावर शहर, आणि ही मंडळी एका साध्या औषधाच्या गोळीसाठी आपल्याच तीरावर दुकान शोधत फिरणार.

शैलाताई आल्या त्या हिवाळ्यापासून हसू येत नाही. चारपाच वर्षं झाली असतील. मटर ऐन भरात होता, एवढं पक्कं आठवतं, कारण त्या आल्या तेव्हा माझ्या मांडीत शेंगांची परात होती. साताऱ्याकडच्या एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई, पन्नाशी ओलांडलेल्या, अंगात कुणा पुरुषाचा जुना स्वेटर. सायकलही पुरुषाचीच, आडव्या दांडीची, त्यांच्या मानानं उंच. पाय टेकायचा तर त्यांना सगळं अंग एका बाजूला कलवावं लागे. मला वाटलं, एवढ्या लांबच्या प्रवासाला बाईनं आपल्या मापाची सायकल का घेतली नाही? विचारलं नाही. पहिल्या दिवशी पाहुण्याला जेवढं विचारायचं तेवढंच विचारावं, असं माझं आहे.

उगमापर्यंत जाऊन त्या आता दक्षिण तीरानं परत निघाल्या होत्या. ओंकारेश्वराहून सुरुवात केलेली, तिथेच संपवायची. शेवटचा टप्पा राहिला होता आणि मागचं चाक डुगडुगायला लागलं होतं. सुधीरनं सायकल उलटी करून चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. स्पोक तुटले होते आणि रिमला चीर गेली होती. आपल्या हातचं काम नाही, तो म्हणाला. गोरखपुरच्या बाजारात त्याच्या ओळखीचा एक सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, चाक पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही, सायकल घेऊन या.

आणि मग जेवताना चर्चा सुरू झाली. बाई नदी ओलांडू शकत नाहीत हे ठीक. पण सायकल? सायकलीनं नदी ओलांडली तर परिक्रमा मोडते का? त्या दिवशी कॅम्पवर नागपूरचे तीन सायकलवाले होते, त्यांची तीन मतं झाली. आमचा नाववाला बेनी भैया म्हणाला की नियम माणसाला, सामानाला काहून लागेल. मी घाटावरच्या आमच्या पंडितजींना फोन केला, ते आरतीच्या घाईत होते, त्यांनी "भाव देखो, भाव" एवढं सांगून ठेवून दिला. सुधीरला मात्र उत्तर तयार सापडलं होतं. फॅक्टरीत माल दुरुस्तीसाठी बाहेर जातो तेव्हा त्याला रिटर्नेबल गेट पास लागतो. वस्तू गेटबाहेर जाते, पण कागदावर ती आतच असते, कारण ती परत येणार असते. तसंच हे, तो म्हणाला. आयुष्यभर गेटच्या आतबाहेर केलेल्या माणसाला देवाचा कारभारही गेटवरूनच कळतो. सगळे हसले, शैलाताईसुद्धा हसल्या. बघू सकाळी, म्हणाल्या आणि फोन घेऊन बाजूला गेल्या.

मी भांडी उचलता उचलता पाहत होते. फोनवर समोरच्याला माणूस आपला चेहरा दाखवतो. या बाई सायकल दाखवत होत्या. हँडल, सीट, घंटी, मग फोन वळवून अंधारातली नदी. मला गंमत वाटली, तेवढंच.

सकाळी धुकं जरा लवकर उठलं. मी चहा टाकत होते आणि शैलाताई काठावर तोंड धुवायला गेल्या होत्या. झाडाखाली सायकल नव्हती. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग नदीकडे. पाण्याच्या मधोमध आमची नाव चालली होती. बेनी भैया वल्हवत होता आणि सुधीर सायकलीचं हँडल धरून उभा होता, पोराला जत्रेला नेत असल्यासारखा. बाईंना उठल्यावर सायकल तयार मिळावी, म्हणून हा धुकं उठताच निघाला होता. सोबत त्या मिस्त्रीसाठी डब्यात गक्कडही घेतली होती.

शैलाताई ओरडल्या नाहीत. त्या ओल्या वाळूतच बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नीलाताई, परिक्रमा माझी नाही. सायकलची आहे."

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. सायकल त्यांच्या धाकट्या भावाची, दिलीपची. त्यानं ती परिक्रमेसाठीच घेतली होती, दर रविवारी घाट चढून सराव करायचा. निघायला महिना उरला असताना एका सकाळी बुटाची नाडी बांधताना तो कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता त्याच्याकडे मोजके शब्द उरले होते. तो घरात खिडकीशी बसून असायचा आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे बघायचा. त्याला बसवून आणता येत नव्हतं, म्हणून बाईंनी सायकल आणली. मी नुसती पेडल मारणारी, त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी त्या फोन लावायच्या आणि तो एकच प्रश्न विचारायचा: उजवीकडे? नदी उजव्या हाताला आहे ना, एवढंच त्याला विचारायचं असे. त्या फोन वळवून दाखवायच्या, मग तो झोपायचा.

मी किती मोठ्यानं हाक मारली ते मला आठवत नाही, पण नागपूरची मुलं तंबूतून धावत बाहेर आली. अहो, परत फिरा! सुधीरला वाटलं मी काही विसरल्याची आठवण करून देतेय. त्यानं डबा वर करून दाखवला आणि खुशीत हात हलवला. बेनी भैयाच्या आधी लक्षात आलं. त्यानं वल्ही उचलली, नाव तशीच पाण्यावर थांबली, हळूहळू वळली आणि आमच्याकडे यायला लागली. तेवढा वेळ शैलाताईंनी डोळे मिटून घेतले होते.

सायकल काठावर उतरली. सुधीरला सगळं कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "रिटर्नेबल होती हो." शैलाताई त्याच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी ओढणीनं सायकलीची दांडी पुसली. त्या म्हणाल्या, तुम्ही माझ्यासाठीच केलंत, पण आता ही मोडली की नाही हे मी कोण ठरवणार? ज्याची सायकल तो ठरवेल. संध्याकाळी फोन लावते. तो मोडली म्हणाला तर इथूनच परत, आणि पुन्हा जमलं तर पहिल्यापासून. पुन्हा जमण्यासारखं नव्हतं, हे त्यांच्या गुडघ्यांकडे बघून कुणालाही कळलं असतं.

तो दिवस सरता सरेना. सुधीर एकटा पलीकडे गेला, गोरखपुरच्या सायकलवाल्याच्या दुकानात ठाण मांडून बसला आणि शेवटी त्याला नव्या चाकासकट नावेत घालून घेऊन आला. झाडाखाली सायकल दुरुस्त झाली. बेनी भैया जेवला नाही. हमसे पाप तो नहीं हो गया दीदी, असं त्यानं मला दोनदा विचारलं. मी शेंगा सोलत बसले. मी काही फार देवाधर्माची बाई नाही. मैयाला हात जोडते, तिच्या काठावर राहते म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं, न ओलांडण्याचा हा हट्ट म्हणजे पायांना घातलेली उगाचची बेडी. त्या दिवशी वाटलं, सगळं हातातून सुटलेल्या माणसाला एक गोष्ट न सुटलेली हवी असते. साताऱ्याच्या खिडकीशी बसलेल्या त्या माणसाचं शरीर मोडलं होतं, बोलणं मोडलं होतं. ही एक रेघ तेवढी त्याच्यासाठी कुणीतरी अखंड ओढत नेत होतं, आणि ती आमच्या प्रेमळ आगाऊपणानं पुसली गेली होती की काय, ही भीती दुपारभर गेली नाही.

दिवे लागायच्या सुमाराला शैलाताईंनी फोन माझ्या परातीतल्या मटरच्या ढिगाला टेकवून ठेवला. आम्हाला म्हणाल्या, तुम्हीही बसा. पडद्यावर एक चेहरा आला, अर्धा जागा आणि अर्धा झोपलेला. बाईंनी काही लपवलं नाही. चाक, नाव, धुकं, सुधीरचा गेट पास, वर केलेला डबा, सगळं सांगितलं. सुधीर मान खाली घालून वाळूत बोटं फिरवत होता. मग तो चेहरा रोजचा शब्द जुळवायला लागला. तोंड वाकडं झालं, शब्द अडला, पुन्हा निघाला.

"उजवीकडे?"

शैलाताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आज सगळीकडे होती रे," त्या म्हणाल्या. "उजवीकडे, डावीकडे, खाली. मैयानं कडेवर घेतली होती तुझी सायकल."

पडद्यावरचा चेहरा तसाच राहिला, आणि मग त्यातला जागा अर्धा भाग हसला. आवाज करून हसला. मागून कुणीतरी बाई धावत आली, त्याची बायको असावी, तिला वाटलं काही झालं. शैलाताई आम्हाला नंतर म्हणाल्या की आजारानंतर तो हसल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. हसून झाल्यावर त्यानं डावा हात उचलला, पुढे हलवला आणि म्हणाला, "चल."

बेनी भैयानं त्या दिवशी किती गक्कड खाल्ल्या ते मी मोजलं नाही. सकाळी शैलाताई निघाल्या, पिशवीत मी कोंबलेल्या शेंगा घेऊन, एका अंगाला कलत, नदी उजव्या हाताला ठेवून. काही दिवसांनी ओंकारेश्वराहून फोटो आला. फोटोत त्या नव्हत्या, नुसती सायकल होती, हँडलला झेंडूची माळ घातलेली.

तेव्हापासून आमच्या कॅम्पवर एक रीत पडली आहे. परकम्मेची सायकल आली की सुधीर पहिल्यांदा तिच्या हँडलला लाल धागा बांधतो. धागा बांधलेल्या सायकलीला नावेजवळ फिरकू द्यायचं नाही. मिस्त्री लागला तर मिस्त्री इकडे येतो, चाक लागलं तर चाक इकडे येतं. नवीन आलेली मुलं विचारतात, काका, हा धागा कसला? सुधीर गंभीर चेहऱ्यानं सांगतो, गेट पास रद्द झाल्याचा.

या वर्षी अंगणात तंबू वाळत होते आणि शैलाताईंचा फोन आला. दिलीप आता काठी घेऊन चालतो. शब्दही थोडे वाढलेत. त्याला ती जागा बघायचीय, म्हणाल्या. कुठली, ते मी विचारलं नाही.

ते दोघं गेल्या आठवड्यात आले, रेल्वेनं, मग गाडीनं पुलावरून वळसा घालून. परिक्रमा पुरी झालेली, त्यामुळे आता त्यांना कुठल्याच तीराची आडकाठी नव्हती. सुधीर आणि बेनी भैया नाव घासत होते, जणू घरी लग्न आहे. नावेत प्लास्टिकची खुर्ची बांधली. दिलीपभाऊ उंच माणूस, सायकलीच्या मापाचा. त्याला चढवताना सुधीरनं त्याच्या उजव्या बगलेखाली खांदा दिला आणि बसवेपर्यंत काढला नाही.

धुकं नुकतंच उठलं होतं. नाव मध्यावर आली. त्या दिवशी सायकल नेमकी कुठे थांबली होती, हे वाहत्या पाण्यावर कुणाला सांगता येणार? पण बेनी भैयानं वल्ही वर घेतली आणि म्हणाला, "यहीं, भैया." आम्ही ते मान्य केलं.

दिलीपभाऊनं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. मग तो उजव्या अंगाला वाकला. नाव कलली, सुधीर पटकन दुसऱ्या बाजूला सरकला. दिलीपभाऊनं डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला, नावेच्या काठावरून पलीकडे नेला आणि दोन्ही हात तसेच पाण्यात बुडवून ठेवले. बेनी भैया वल्हवायचं विसरला होता. नाव आपल्या आपण खालच्या बाजूला वाहत होती.

"गार आहे का रे?" शैलाताईंनी विचारलं.

"गार," तो म्हणाला.

कुठल्या हाताला, ते कुणी विचारलं नाही.